आतल्या खोलीतलं पाणी

१

ग्रंथपालांनी ग्रंथालयाचं दार उघडलं तेव्हा मागे हेडमास्तर उभे होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बराच काळ झाला होता. आता ते ग्रंथालय समितीचे अध्यक्ष होते, पण गावाच्या तोंडी हेडमास्तरच राहिले. रविवारच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या कशा मांडायच्या ते बघायला आज ते लवकर आले होते.

आत पाऊल टाकलं आणि चपलेखाली पचकन आवाज झाला.

"नळ चालू राहिला की काय?" हेडमास्तर म्हणाले.

पाणी आतल्या खोलीतून येत होतं. त्या खोलीच्या खिडकीसमोर उंच भिंत असल्यामुळे तिथं भर दिवसाही दिवा लावावा लागे. हेडमास्तरांनी बटण दाबलं, पण उजेड पडला नाही. पुन्हा दाबलं. शेवटी मोबाईलच्या उजेडात त्यांनी आत पाहिलं आणि शाळेत कधी न उच्चारलेला शब्द त्यांच्या तोंडून गेला.

खिडकीची काच फुटली होती. गजांमधून अंगणातला रबरी पाइप आत आला होता आणि त्यातून पाणी अजून वाहतच होतं. लांब टेबलावर डॉक्टरांची पुस्तकं मांडलेली होती. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर गेले आणि त्यांच्या पत्नीनं त्यांचा सगळा संग्रह ग्रंथालयाला दिला. रविवारी या खोलीला डॉक्टरांचं नाव द्यायचं होतं. ती सगळी पुस्तकं आता ओल्या उशांसारखी फुगून पडली होती.

ग्रंथपाल बाहेर पळाले आणि त्यांनी नळ बंद केला. हेडमास्तरांनी पोलिसांना फोन लावला.

आल्या त्या फौजदारबाई. निवृत्तीकडे डोळे लागलेल्या, पाय सुजतात म्हणून बुटांऐवजी जाड तळव्याच्या चपला घालणाऱ्या. ग्रंथालय त्यांना नवं नव्हतं. त्यांचे सासरे दिवसभर घरात वाचत बसत, आणि त्यांच्यासाठी मोठ्या टायपातलं पुस्तक बाजूला काढून ठेवायला ग्रंथपाल कधी विसरत नसत.

"काल शेवटी कोण गेलं?" बाईंनी विचारलं.

"मीच." ग्रंथपालांचा चेहरा झोप न झालेल्या माणसासारखा होता. "वाचक गेल्यावर ही पुस्तकं टेबलावर मांडली आणि कुलूप लावलं."

खिडकीखालच्या फरशीचा एक लांबट तुकडा बाकीच्या फरशीपेक्षा उजळ दिसत होता. बाईंनी बोट केलं.

"इथं लहान मुलांच्या पुस्तकांचं कपाट होतं," ग्रंथपाल म्हणाले. "कार्यक्रमासाठी जागा हवी म्हणून काल हॉलमध्ये ओढून नेलं."

तेवढ्यात अंगणातून हवालदाराची हाक आली. नळाजवळच्या चिखलात एक पाना सापडला होता. त्याच्या दांड्याला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

जमलेल्या लोकांतून शेजारचा कापडवाला पुढे आला. त्यानं पाना पाहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "अहो, हा तर ठिणगीचा!"

२

ठिणगी म्हणजे चौकातल्या गॅरेजमधला वेल्डर. पंचविशीचा, बारीक अंगाचा. तंत्रज्ञाच्या परीक्षेला बसायचं म्हणून तो रोज दुपारच्या सुट्टीत ग्रंथालयात येऊन वाचायचा. आठवड्यापूर्वी कुणीतरी तक्रार केली की टेबलावर काळे डाग पडतात. हेडमास्तरांनी भरल्या वाचनकक्षात त्याला सुनावलं, "हात स्वच्छ असतील तरच या." तो उठला आणि जाता जाता म्हणाला, "राहू द्या तुमची पुस्तकं कपाटात. कुजतील एक दिवस!"

हे वाक्य आज गावातल्या प्रत्येकाला पाठ होतं. ज्यांनी ते ऐकलं नव्हतं त्यांना तर जास्तच.

गॅरेजच्या वाटेवर बाई कापडवाल्याच्या दुकानात डोकावल्या. ग्रंथालयाचं अंगण गाड्या लावायला मिळावं म्हणून त्यानं कितीदा तरी अर्ज केले होते.

"संशय माझ्यावर येणार हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "पण बाई, ती उंच भिंत माझ्या गोदामाची आहे. स्वतःच्याच गठ्ठ्यांना ओल लावून घ्यायला मला काय वेड लागलंय?"

गोदामाच्या भिंतीवर खरंच ओल चढली होती.

गॅरेजमध्ये ठिणगीनं काळा चष्मा कपाळावर सरकवला. पाना बघून तो जरा हसला.

"सापडला का! महिनाभर शोधतोय. ग्रंथालयाचा नळ गळत होता, तो मीच दुरुस्त करून दिला. पाना तिथंच राहिला असणार. ग्रंथपालांना विचारा की, त्यांनीच चहा पाजला होता मला."

"काल रात्री कुठं होतास?"

"घरी. ताईला विचारा. पण बहिणीच्या शब्दाला कोण विचारतंय?"

गॅरेजचा मालक जवळच उभा होता. तो ठिणगीकडे न बघता म्हणाला, "मिटेपर्यंत कामावर येऊ नकोस बाबा. गिऱ्हाईक बोलायला लागलंय."

बाई परत ग्रंथालयात आल्या. ग्रंथपाल खांद्यावर पंचा टाकून फरशी पुसत होते.

"नळ कुणी दुरुस्त केला होता?"

ग्रंथपालांचा हात थांबला. "नळ... केला असेल कुणीतरी. नीट आठवत नाही."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. सासऱ्यांनी तीन वर्षांपूर्वी कोणती कादंबरी अर्ध्यात परत केली होती, हे याच माणसानं परवा न विचारता सांगितलं होतं.

त्या पुढचं विचारणार तोच हवालदार धावत आला. "बाई, चौकात चला. लोकांनी ठिणगीला धरलंय."

३

त्या पोचल्या तेव्हा चौक रिकामा होता. गॅरेजपुढे एक चप्पल आणि फुटलेला काळा चष्मा, एवढंच पडलं होतं. दुकानदार आपापल्या गल्ल्यामागे मान खाली घालून बसले होते.

"कोण होतं?"

"गर्दी होती, बाई."

"गर्दीला तोंडं असतात."

"आमचं लक्ष नव्हतं."

ठिणगी इस्पितळात होता. उजव्या मनगटाला प्लास्टर घातलं होतं. पिरगळताना दोन हाडं मोडली होती. बोटं पूर्वीसारखी चालतील का, यावर इस्पितळातले डॉक्टर लगेच काही बोलायला तयार नव्हते. उशाशी त्याची मोठी बहीण बसली होती. ती कपडे शिवायची. घाईत निघाल्यामुळे गळ्यातली मोजमापाची फीत तशीच राहिली होती.

"बाई, तुम्ही याला पकडायला आलात की वाचवायला?"

"विचारायला आले."

"ते आधी विचारायचं असतं," ती म्हणाली.

गॅरेजपाशी एक शिपाई उभा करायला हवा होता, हे बाईंना रिक्षात बसल्यावर सुचलं होतं. आजकाल सगळं असंच उशिरा सुचायचं.

"नावं सांग," त्या ठिणगीला म्हणाल्या.

त्यानं भिंतीकडे तोंड केलं. "तोंडं सगळी ओळखीची होती. नावं सांगून काय करू? मला याच गावात राहायचंय."

संध्याकाळी ग्रंथालयाच्या अंगणात जत्रा भरावी तशी माणसं जमली होती. झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर वह्यांसारखी पातळ पुस्तकं चिमट्यांनी अडकवली होती. घराघरांतून पंखे आले होते. ज्यांनी जन्मात ग्रंथालयाची पायरी चढली नव्हती ते पानापानांत टीपकागद घालत होते. मध्ये उभे राहून हेडमास्तर सूचना देत होते. सगळे दमले होते आणि सगळ्यांना आपापल्या चांगुलपणाचं बरं वाटत होतं. सकाळी चौकात कोण होतं, हे इथंही कुणाला माहीत नव्हतं.

बाईंनी एक जाड पुस्तक उचललं. पानं उघडेनात. केसांतली पिन काढून त्यांनी ती मधोमध अलगद घातली, आणि पुस्तक विटेसारखं दुभंगलं. आत काळे-हिरवे ठिपके होते. पानांच्या कडेनं पिवळट तपकिरी वळ्या उठल्या होत्या.

"कसला वास येतोय!" शेजारची एक बाई नाक दाबून म्हणाली. "पाणी लागलं की असंच होतं बघा."

फौजदारबाईंनी ते पुस्तक पिशवीत घातलं आणि घरी नेऊन सासऱ्यांच्या मांडीवर ठेवलं. सासऱ्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून त्यांना सगळं मोठ्यानं सांगावं लागे.

म्हाताऱ्यानं पान बोटानं चाचपलं, नाकाशी नेलं.

"हे कधी भिजलं म्हणालीस?"

"काल रात्री!"

"छे," सासरे म्हणाले. "हे जुनं दुखणं आहे."

४

दुसऱ्या दिवशी बाईंनी वायरमनला ग्रंथालयात बोलावलं. आतल्या खोलीतलं खिडकीखालचं प्लगचं खोकं पाण्यानं भरलं होतं. दिवा लागला नाही, तर तो त्यामुळेच, असं सगळे धरून चालले होते.

वायरमननं ग्रंथपालांच्या टेबलामागचा बोर्ड उघडला. "फ्यूज शाबूत आहे, बाई. जळलेलं काहीच नाही. या खोलीचं मेन बटण फक्त खाली केलेलं आहे."

"पाण्यामुळे आपोआप खाली पडलं असेल?"

"हे जुन्या पद्धतीचं आहे. हातानं ओढल्याशिवाय हलत नाही."

बाई हेडमास्तरांच्या घरी गेल्या. ते रविवारच्या भाषणात 'आनंदाचा दिवस' खोडून 'निषेधाचा दिवस' लिहीत होते.

"काल आत गेल्यावर टेबलामागच्या बोर्डाला तुमच्यापैकी कुणी हात लावला?"

"कुणीच नाही. ग्रंथपाल माझ्या डोळ्यांसमोर होते. मी दिवा लावून बघितला, मग ते नळाकडे धावले."

"म्हणजे तुम्ही दार उघडण्याआधीच तो दिवा बंद केलेला होता. तोही आतून. किल्ल्या कुणाकडे असतात?"

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "त्यांच्याकडे. आणि माझ्याकडे." मग ताठ बसत ते म्हणाले, "तुमचा माझ्यावर संशय आहे का?"

"सगळ्यांवर असतो. पगार त्याचाच मिळतो. रविवारी खुर्च्या कुठं मांडणार होता?"

"हॉलमध्ये. आतल्या खोलीत फक्त फीत कापायची. पण ग्रंथपालांनी हॉलमध्येच ते मुलांचं कपाट आणून ठेवलंय! मी परवाच बजावलं होतं, हॉल मोकळा हवा."

बाई उठल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली.

काच बाहेरून फुटली होती आणि पाइपही बाहेरूनच आला होता. पण ज्यानं पाणी सोडलं त्यानं आधी आत येऊन विजेचं बटण बंद केलं होतं, कुणाला शॉक बसू नये म्हणून. ज्याला ग्रंथालयाचा सूड घ्यायचा आहे तो असली काळजी घेत नाही. शिवाय पाणी जिथं पडणार होतं तिथलं मुलांचं कपाट आदल्या दिवशी तिथून हललं होतं, आणि गेलं होतं ते नेमकं जिथं ते नको होतं तिथं. उरली ती डॉक्टरांची पुस्तकं, आणि ती तर आधीच कुजलेली होती. बुरशी एका रात्रीत धरत नाही. पावालासुद्धा दोन-चार दिवस लागतात.

कुजलेलं पुन्हा भिजवायचं कशासाठी? ते आधी कुजलं होतं हे कुणाला कळू नये म्हणून. आणि ती पुस्तकं टेबलावर एकट्यानं कुणी मांडली, हे त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

बाईंना उत्तर मिळालं. त्याचा आनंद मात्र काही झाला नाही.

५

ग्रंथपाल हॉलमध्ये मुलांच्या कपाटापुढे बसून एका फाटक्या चित्रांच्या पुस्तकाला डिंक लावत होते. बाईंनी एक खुर्ची ओढली.

"हे कपाट फार जड आहे. एकट्यानं कसं ओढलंत?"

"पुस्तकं आधी काढली. मग ओढलं. मग परत लावली." बोलता बोलता ते थांबले. त्यांनी डिंकाचं झाकण लावलं. "तुम्हाला कळलं."

"तुम्ही सांगा. मला दुसऱ्याच्या तोंडचं बोलायचा कंटाळा आलाय."

डॉक्टरांची पुस्तकं खोक्यांतून आली, तेव्हा ग्रंथपालांच्या घरी आजारपण चालू होतं. बायको अंथरुणाला खिळली होती. खोकी मागच्या कोठीत ठेवली, उद्या उघडू म्हणून. कोठीचं छप्पर गळत होतं. ते त्यांनी समितीला सांगितलं होतं. समिती म्हणाली, बघू. पुढे बायको गेली. त्यानंतर बरेच महिने ते ग्रंथालयात येत होते आणि घरी जात होते, एवढंच. कोठीचं दार उघडायचं म्हटलं की हात उठत नसे.

"दर आठवड्याला वहिनींचा फोन यायचा." डॉक्टरांच्या पत्नीला सारं गाव वहिनी म्हणायचं. "विचारायच्या, पुस्तकं कशी आहेत? मी म्हणायचो, छान आहेत. एकदा म्हटलं, की दुसऱ्यांदा म्हणावंच लागतं. मग समितीनं कार्यक्रम ठरवला. मी खोकी उघडली आणि..." त्यांनी हातानंच सांगितलं. "त्या माउलीला काय दाखवू? वाटलं, निदान कुणीतरी दुष्टानं केलं असं होऊ दे. माझ्या आळसानं झालं असं नको."

"आणि पाना?"

"तो मी टाकला नाही, शपथ घेतो. अंधारात मला दिसलाही नाही. पण सापडल्यावर..."

"तुम्हाला आठवलं नाही."

ग्रंथपालांनी तोंड झाकून घेतलं. "एकच दिवस गप्प राहावं म्हटलं, बाई. चौकशीत सुटेलच तो, असं वाटलं."

"तोवर त्याचा हात मोडला."

रस्त्यावरून एक गाडी गेली तशी काचा थरथरल्या.

"जबाब लिहून घ्यावा लागेल," बाई म्हणाल्या.

"घ्या. पण आधी मला वहिनींकडे न्याल?"

६

वहिनींनी दार उघडलं आणि दोघांचे चेहरे बघून न विचारता पाणी आणून ठेवलं. घर मोठं होतं आणि एका माणसाच्या मानानं फारच आवरलेलं. भिंतीवर कपाटांच्या जागा अजून रिकाम्याच होत्या.

ग्रंथपालांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. खुर्ची त्यांनी घेतली नाही.

वहिनी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगू? त्या पुस्तकांचा मला राग होता. लग्न झाल्यापासून यांचं तोंड त्यांच्यातच. हे गेले आणि मी महिन्याच्या आत ती घराबाहेर काढली."

"पण तुम्ही दर आठवड्याला फोन..."

"बोलायला काहीतरी निमित्त लागतं ना, भाऊजी. तुम्ही 'वहिनी, जेवलात का' म्हणून विचारायचात. तेवढं विचारणारं दुसरं कोण होतं?"

ग्रंथपाल मटकन खाली बसले. एवढ्या मोठ्या खोट्याची गरजच नव्हती, हे त्यांना सोसेना. ते हुंदके देऊ लागले. "मला माफ करा, वहिनी."

"पुस्तकांचं केलं. तुम्ही नुसतं येऊन सांगितलं असतंत तर तेव्हाच केलं असतं." वहिनींचा आवाज कठोर झाला. "पण त्या मुलाच्या हाताचं माझ्याकडे काय मागता? ते माफ करणारी मी कोण?"

७

रविवारी हॉल तुडुंब भरला. फीत नव्हती आणि हारही नव्हते. निषेध सभा आहे असं गावभर कळवलेलं होतं. शेवटच्या रांगेत ठिणगीची बहीण बसली होती. ठिणगी आला नव्हता.

हेडमास्तरांनी भाषणाचे कागद हातात घेतले, तेवढ्यात ग्रंथपाल उठून पुढे गेले. काय करणार आहेत ते त्यांनी फक्त बाईंना सांगितलं होतं. कोठी, खोकी, फोन, पाइप, पाना, एकेक करून त्यांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. शेवटी म्हणाले, "मी राजीनामा दिला आहे. कायद्यानं होईल ती शिक्षा घेईन. ठिणगीच्या घरी काल गेलो होतो. त्यानं दार उघडलं नाही. त्याचं बरोबर आहे. मी पुन्हा जाईन."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, "शोभलं का हे!" कुणी म्हणालं, "बिचारा, बायको गेली तेव्हापासून भ्रमिष्टच झालाय." बसल्याजागी माणसं नव्यानं रागवायला तयार होत होती.

कापडवाला उभा राहिला. "जे झालं ते वाईटच. गैरसमजातून एका मुलाला लागलं. आता झालं गेलं विसरून जाऊ आणि..."

"बसा," फौजदारबाई म्हणाल्या.

त्या कोपऱ्यातून पुढे आल्या. सगळ्यांकडे तोंड करून त्यांनी एक खुर्ची ठेवली आणि तिच्यावर बसल्या. चपला काढून पाय मोकळे केले.

"पाणी कुणी सोडलं ते कळलं. तो गुन्हा मिटला. दुसरा राहिलाय. वेल्डरचा हात कुणी मोडला?"

कुणी हललं नाही.

"चौकात गर्दी होती म्हणतात. गर्दी इथंच बसली आहे. मला घाई नाही. आज रविवार आहे, घरी सासऱ्यांना वाढून आले आहे."

पंखे फिरत राहिले. कुणी छताकडे पाहिलं, कुणी मोबाईल काढला आणि परत खिशात ठेवला. दाराजवळचे दोघं-तिघं उठायला लागले, पण दारात हवालदार उभा आहे हे दिसल्यावर परत बसले. ठिणगीची बहीण एकेका चेहऱ्याकडे बघत होती. तिला काहीच बोलावं लागलं नाही.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हेडमास्तर उभे राहिले होते. भाषणाचे कागद त्यांच्या हातात चुरगळले होते.

"शर्ट मी धरला होता," ते म्हणाले. "मागून. तो सुटायला बघत होता तेव्हा मी धरून ठेवला. वाटलं, आपण न्याय करतोय."

"आणि हात?"

हेडमास्तरांनी हॉलभर नजर फिरवली. रांगेमागून रांगेतल्या माना खाली गेल्या.

"ते सगळे इथं आहेत," ते म्हणाले. "मला प्रत्येकाचं नाव माहीत आहे. सगळे माझेच विद्यार्थी."

बाईंनी पेन काढलं आणि शेजारची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"बसून सांगा, सर," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल."